शेवटचे अठरा तास, गोरेगावहून

सकाळी ६. उरले १८ तास.

३१ मे २०१७, बुधवार. नवतप्याचा सातवा दिवस. सूर्य उगवून जेमतेम अर्धा तास झाला, तोच अंगणातली फरशी तळव्यांना चटका देऊ लागली. हे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. ज्या गोरेगावात चित्रनगरी आहे, स्टुडिओ आहेत आणि जिथला संप पेपरात मोठ्या अक्षरात छापून येतो, ते मुंबईचं. आमच्याकडे धान आहे, माजी मालगुजारांचे मामा तलाव आहेत, नागझिऱ्याचं जंगल आहे आणि हिरडामालीचं स्टेशन आहे. पण आज जे बंद पडणार आहे, त्याचं नातं त्या गोरेगावापेक्षा आमच्याशी जास्त आहे.

पुण्याच्या बालचित्रवाणीचा आज शेवटचा दिवस. सरकारचा निर्णय आधीच झालेला आहे. ३१ मे उलटला की संस्था नाही.

दुर्घटनेचा घटनाक्रम लिहायचा तर त्यात काय काय लागतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पानशेतच्या धरणफुटीवर आपण एवढं वाचलेलं आहे की वाढती पातळी, भिंतीला गेलेला तडा, रात्रभर पोती भरणारे जवान हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. आजच्या घटनाक्रमात तसलं काही येणार नाही. रात्री बारा वाजता एकही पडदा काळा होणार नाही, कुणी दार ठोठावून शेजाऱ्याला उठवणार नाही. या दुर्घटनेतली खरी गोम तीच आहे.

सकाळी ७. उरले १७ तास.

शाळेला सुट्ट्या. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे मास्तर माणसाला मे महिन्यात टपरीवर बसायला भरपूर वेळ. पेपर आला. मी बातमी वाचून दाखवली.

"बालचित्रवाणी म्हणजे ते सकाळी लागे तेच ना, गुरुजी?" चहावाल्यानं विचारलं.

"तेच."

"ते आतालोक चालूच होतं का?"

यावर मी काय बोलणार? बातमीपेक्षा हा प्रश्न मोठा होता. टपरीवर पाच-सहा जण होते, सगळे तिशी-चाळिशीतले, सगळ्यांना त्या कार्यक्रमाच्या सुरुवातीची धून आठवत होती. एकानं ती गुणगुणूनही दाखवली. आणि सगळ्यांचा समज एकच, की ते कधीच बंद झालं असेल. संस्था जिवंत असताना लोकांनी तिला आठवणीत जमा करून टाकलं होतं.

जन्मतारीख सांगतो. २७ जानेवारी १९८४. सरकारी नाव राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, पण या नावानं तिला कुणीच हाक मारली नाही. अशा संस्था तेव्हा सहा राज्यांत निघाल्या: महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेश. काम एकच, आपापल्या भाषेत शाळकरी मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करायचे आणि ते दूरदर्शननं उपग्रहावरून दाखवायचे. आमची संस्था पुण्यात, सेनापती बापट रस्त्याला, बालभारतीच्या शेजारात. पाठ्यपुस्तक छापणारी आणि त्याचं चित्र दाखवणारी, दोन्ही एकाच रस्त्यावर.

सकाळी ८. उरले १६ तास.

पुण्यात निघालेल्या संस्थेशी आमचा काय संबंध? त्यासाठी आधी आकाशात जावं लागतं.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष, भारतानं अमेरिकेकडून एक उपग्रह उसना घेतला होता. त्याचं नाव एटीएस-६. त्यावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला गेला. प्रयोगाचं नाव साइट. सकाळचा भाग शाळकरी मुलांसाठी होता, संध्याकाळचा गावासाठी. हा सगळा गाडा हाकणारे व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस, कोल्हापूरचे. महाराष्ट्रातलं एकही खेडं त्या प्रयोगात नव्हतं. आमच्या सर्वांत जवळ रायपूरकडची गावं, तेव्हाच्या मध्य प्रदेशातली. आमच्याकडची कितीतरी माणसं छत्तीसगडात सोयरीक जोडून आहेत. तिकडे लग्नाला गेलेल्या वडीलधाऱ्यांनी येऊन सांगितलं की शाळेत टीव्ही आहे आणि त्यातला माणूस शेतीचं बोलतो. इथे कुणाला पटलं नाही.

वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. ठरल्याप्रमाणेच गेला. त्याला जागेवरून हलवून पुन्हा अमेरिकेच्या दिशेनं नेलं. ज्या पोरांनी बारा महिने रोज सकाळी चित्र पाहिलं होतं, त्यांच्यासमोर १ ऑगस्टला फक्त खोकं उरलं. मुलांच्या टीव्हीचा आपल्याकडचा पहिला मोठा खंड हाच, आणि त्याची तारीख वर्षभर आधीपासून सगळ्यांना माहीत होती.

मग आपला स्वतःचा उपग्रह. इन्सॅट-१ए १० एप्रिल १९८२ ला वर गेला आणि सप्टेंबरमध्येच निकामी झाला. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस चॅलेंजर यानातून गेला, तो टिकला. त्याच्या भरवशावर सहा राज्यांतले काही जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातले नागपूर, चंद्रपूर आणि भंडारा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आम्ही भंडाऱ्यातच. म्हणजे पुणे-मुंबईच्या पोरांच्या आधी ही सोय ज्यांच्या नावानं झाली, त्यांत आम्ही होतो. आयुष्यात विदर्भाचा नंबर आधी लागल्याचं हे एक उदाहरण मी जपून ठेवलेलं आहे.

सकाळी १०. उरले १४ तास.

ही कार्यक्रमाची वेळ. इथे जरा थांबतो.

शाळेच्या मागं छत्री बसवलेली. आज घराघरावर असते तशी टोपलीएवढी नव्हे, पंचक्रोशीतून माणसं बघायला येत एवढी मोठी. तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी ताणलेली असल्यामुळे कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसत. टीव्ही लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मोठ्या गुरुजींच्या जानव्याला. कुलूप उघडताना गुरुजींना थोडं वाकावं लागे आणि वर्ग चिडीचूप होई. एरवी छडीनंही एवढी शांतता होत नसे.

एकाच उपग्रहावरून भाषांच्या पाळ्या लागत. आपली पाळी यायच्या आधी दुसऱ्या भाषेतला भाग चालू असे. गुरुजी टीव्ही लवकर लावत, न जाणो आपला चुकला तर. त्यामुळे आम्ही कळत नसलेल्या भाषेतली बाहुलीही मन लावून पाहिली आहे. मग धून. मग पाच ते आठ वयाच्या पोरांसाठी एक भाग, नंतर नऊ ते अकरा वयाच्यांसाठी दुसरा. प्रत्यक्षात पहिलीपासून सातवीपर्यंत सगळे, झालंच तर अंगणवाडीतली आणि कडेवरची, एकाच खोलीत दोन्ही भाग बघत.

कार्यक्रम फार चांगले होते असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते पूर्ण खरं नाही. काही फारच संथ होते. काहींत ताई एवढ्या गोड बोलत की आम्हाला हसू येई. आमच्या घरांत पोवारी, झाडीबोली, कुठे गोंडी, कुठे छत्तीसगडी. शुद्ध मराठी पुस्तकात असते एवढं माहीत होतं. ती कुणी घरातल्यासारखी बोलूही शकतं, हे आम्ही त्या पेटीतून पहिल्यांदा ऐकलं. पण एखादा प्रयोग डोळ्यांत रुतून बसे. पालथ्या ग्लासातून पाणी पडत नाही हे दाखवलं, त्या दिवशी गावातल्या एकाही घरात ग्लास आणि पुठ्ठा शाबूत राहिला नाही.

आणि मग लाईन जायची.

पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आत ओढलं जाई आणि मधोमध एक पांढरा ठिपका राही. जोंधळ्याच्या दाण्याएवढा. तो लगेच विझत नसे. तो आहे तोवर कुणी जागचं उठत नसे, कारण ठिपका आहे म्हणजे आत अजून काहीतरी आहे अशी आमची ठाम समजूत. ठिपका गेला की गुरुजी कुलूप लावत. लाईन आली तरी आपली पाळी निघून गेलेली असे. ग्लासातलं पाणी का पडत नाही, याचं कारण त्या पाळीत राहून गेलं. ते मला पुढे डीएडला कळलं.

सकाळी ११. उरले १३ तास.

लाईन जाण्यावरून आठवलं. २० एप्रिल १९६४, लंडन. बीबीसीची दुसरी वाहिनी त्या संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी सुरू व्हायची होती. नाच-गाणी, फटाके, सगळी जय्यत तयारी. पावणेसातच्या सुमाराला बॅटरसीच्या वीजकेंद्रात बिघाड झाला आणि पश्चिम लंडन अंधारात गेलं. स्टुडिओत मेणबत्त्या. दुसऱ्या इमारतीतून जेराल्ड प्रीस्टलँड नावाचा वार्ताहर पडद्यावर आला आणि दिलगिरीच्या बातम्या देत राहिला. उद्घाटन बोंबललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता ठरल्याप्रमाणे पहिला कार्यक्रम लागला तो लहान मुलांचा, 'प्ले स्कूल'. मोठ्यांचा सोहळा अंधारात गेल्यामुळे एका वाहिनीचा पायगुण पोरांच्या वाट्याला आला. त्या कार्यक्रमात एक गोल खिडकी, एक चौकोनी आणि एक कमानीची असे. आज कोणत्या खिडकीतून बाहेर बघायचं, यावर पोरं घरी पैजा लावत. आणि एक मोठं घड्याळ असे, ज्याच्याखाली रोज काहीतरी खेळणं फिरत येई.

ते घड्याळ लक्षात ठेवा.

दुपारी १२. उरले १२ तास.

मावसभावाचा फोन. तो लंडनजवळ राहतो, तिकडे सकाळचे साडेसात. पोरांना शाळेत सोडायच्या गडबडीत तो मला रोज पाच मिनिटं देतो आणि पाऊण तास बोलतो. पोरांच्या नादानं 'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका बघता बघता त्याला तिकडच्या जुन्या टीव्हीचं वेडच लागलं.

मी म्हटलं, आज बालचित्रवाणी बंद होऊन राहिली. तो म्हणाला, "संप झाला काय, दादा?"

त्याच्या लेखी टीव्ही बंद पडायचं कारण संप हेच. त्याचंही बरोबर आहे. १९७८ च्या डिसेंबरात बीबीसीचे कर्मचारी पगारावरून संपावर गेले. २१ तारखेला बीबीसी-१ काळी. नाताळ चार दिवसांवर, 'साउंड ऑफ म्युझिक' पहिल्यांदाच टीव्हीवर दाखवायची घोषणा करून बसलेले, आणि पडदा काळा. दुसऱ्याच दिवशी तडजोड झाली. नाताळला सिनेमा लागला. पुढच्या वर्षी पाळी खासगी आयटीव्हीची. १० ऑगस्ट १९७९ ला जवळजवळ सगळं जाळं बंद, फक्त चॅनेल बेटांवरची एक चिमुकली कंपनी चालू. बाकी देशाला दिलगिरीची पाटी. पोरांची उन्हाळ्याची अर्धी सुट्टी त्या पाटीपुढे गेली. २४ ऑक्टोबरला संध्याकाळी पावणेसहाला चित्र परत आलं.

आणि मग शाडा.

डग्लस ॲडम्सनं लिहिलेली 'डॉक्टर हू'ची सहा भागांची कथा. टॉम बेकर डॉक्टर. १९७९ च्या ऑक्टोबरात केंब्रिजला बाहेरचं चित्रीकरण झालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्टुडिओतली पहिली खेप झाली. १९ नोव्हेंबरला दुसऱ्या खेपेसाठी मंडळी पोहोचली तर स्टुडिओला टाळं. तंत्रज्ञांचा वाद पेटला होता. या वादाचं मूळ म्हणून जी हकीकत तिकडे सांगतात ती अशी: 'प्ले स्कूल'मधलं ते घड्याळ फिरवायचं काम कुणाचं? प्रॉप्स सांभाळणाऱ्यांचं की विजेचं काम करणाऱ्यांचं?

मी हसलो. मावसभाऊ हसला नाही. "हसू नको. आपल्या ग्रामपंचायतीत नळाची चावी फिरवायवरून काय झालं होतं?"

वाद मिटला तोवर नाताळ तोंडावर आलेला. स्टुडिओच्या तारखा नाताळच्या मोठ्या कार्यक्रमांनी खाल्ल्या. डिसेंबरात शाडा रद्द. अर्धी चित्रित, अर्धी कागदावर. ॲडम्सनं तिच्यातले धागे उचलून पुढे १९८७ मध्ये कादंबरीत वापरले, आणि १९९२ मध्ये बीबीसीनं आहेत तेवढे तुकडे जोडून व्हिडिओ कॅसेट काढली. मधल्या रिकाम्या जागा टॉम बेकरनं स्वतः समोर येऊन बोलून भरल्या.

"आपल्याकडं संप नाही झाला," मी म्हटलं. "पगारच झाले नाहीत."

"मग लोक काम करत होते?"

"करत होते."

तो गप्प झाला. मग पोरांना उशीर होतो म्हणून फोन ठेवला.

दुपारी १ ते ४.

ऊन. आंबील प्यायलो, कुलरपुढे झोपलो. दोनला लाईन गेली, साडेतीनला आली. या वेळात जगात काय झालं असेल ते असो.

दुपारी ४. उरले ८ तास.

त्याचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. संप का झाला नाही, याचं उत्तर मला चित्रनगरीतल्या संपातच सापडतं.

नोव्हेंबर २००८. तिकडच्या गोरेगावात आणि एकूणच मुंबईत मालिकांचं चित्रीकरण थांबलं. कामगारांच्या संघटना आणि निर्माते यांच्यात मजुरीच्या दरांवरून जुंपली होती. वाहिन्यांनी जुने भाग लावायला सुरुवात केली. इथे, हजार किलोमीटरवर, माझी आई तिसऱ्या दिवशी चिडली. "हे तर झालं होतं ना? ही बाई मेली होती, आता पुन्हा कशी उठली?" अशा लाखो आया चिडल्या, जाहिरातवाले चिडले, आणि दहाएक दिवसांत सगळे टेबलावर बसले. बीबीसीचं तेच. नाताळच्या चार दिवस आधी पडदा काळा करता येतो म्हणून तर पगार वाढतो.

संप ही वसुली आहे आणि वसुली त्याच्याकडूनच होते ज्याचं काही अडतं. बालचित्रवाणीच्या माणसांनी काम बंद केलं असतं तर कुणाचं अडलं असतं? वाहिनीकडे ती वेळ भरायला दुसरं पुष्कळ. जाहिराती नाहीत म्हणून जाहिरातवाले नाहीत. आणि बघणारी पोरं साताठ वर्षांची. ती चिडत नाहीत, दुसरं काहीतरी खेळायला जातात. संपावर जायला समोर मालक लागतो. इथे केंद्राच्या पैशानं उभी केलेली संस्था राज्याच्या अंगणात. पुढे अनुदानाची ओढाताण सुरू झाली, आणि कित्येक महिन्यांचे पगार थकले तेव्हा जाब नेमका कुणाला विचारायचा हाच वाद. भांडायला कुणी न उरणं, ही भांडणापेक्षा वाईट अवस्था. घड्याळ कुणी फिरवायचं यावर जिथे दोन खाती हातघाईवर येतात, तिथे निदान दोघांनाही ते घड्याळ आपलं वाटत असतं.

ब्रिटनच्या संपांचे मी गोडवे गातोय असं नाही. आयटीव्हीच्या पोरांचा उन्हाळा गेला तो गेलाच. पण संपाला सुरुवातीची तारीख असते तशी शेवटचीही असते. पगार थकण्याला नसते. तो महिनोन्महिने थकत राहतो, माणसं निवृत्त होत राहतात, यंत्रं जुनी होत जातात, नवीन भाग कमी होत जातात, जुनेच पुन्हा लागतात, आणि एका गावातला चहावाला विचारतो की ते अजून चालूच होतं का.

संध्याकाळी ५.४५. उरले सव्वासहा तास.

सरकारी कचेऱ्या तेव्हा पावणेसहाला सुटत. म्हणजे बारा वगैरे आपण उगाच म्हणतोय. कुलूप लागायचं ते आता. १९७९ मध्ये आयटीव्हीचं चित्र परत आलं ती वेळही पावणेसहाचीच होती, हा योगायोग मला मावसभावाला कळवावासा वाटला. कळवला नाही. तिकडे भर दुपार, त्याचं कामावर डोकं फिरलेलं असतं.

रात्री ८. उरले ४ तास.

आता चिंता टेपांची.

ज्या व्हिडिओ टेपवर त्या काळात कार्यक्रम होत, ती म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. दमट हवेत चिकटवणारा थर पाणी ओढतो, टेप चिकट होते, यंत्रात घातली की भुकटी खरवडून निघते. म्हणजे पाहता पाहताच चित्र जातं. खोली थंड ठेवायला वीज लागते, टेपा फिरवायला त्याच जातीचं जुनं यंत्र लागतं, आणि ते यंत्र दुरुस्त करणारा माणूस लागतो. तिन्हींना पगार लागतो.

बीबीसीनं यात काही दिवे लावलेले नाहीत. टेप महाग म्हणून त्यांनी साठ-सत्तरच्या दशकातले ढीगभर कार्यक्रम पुसून त्यावर नवे घेतले. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर बंधनं होती. मग ठेवायचे कशाला, हा हिशेब. 'डॉक्टर हू'चे ९७ भाग २०१७ मध्येही असे गहाळ होते. गंमत अशी की प्रदर्शित झालेले भाग पुसले गेले आणि कधीच न दाखवलेल्या शाडाचे तुकडे राहिले.

बालचित्रवाणीनं हजारो कार्यक्रम केले. त्यात मराठीतल्या पाच ते अकरा वयाच्या मुलांशी कसं बोलायचं, याचा तेहतीस वर्षांचा सराव आहे. फसलेले प्रयत्नही त्यात आहेत, आणि ते तर जास्तच उपयोगाचे. पुस्तक छापलेलं असलं तर कुठल्यातरी फडताळात एक प्रत सापडते. याची प्रत घरोघरी नव्हती. आम्ही फक्त पाहिलं.

रात्री १०. उरले २ तास.

शेजारचं पोर मोबाइलवर डोरेमॉन बघतंय. जपानी मांजर हिंदी बोलतंय, आणि तिसरीतलं हे पोर आईला हिंदीत उत्तर देतंय. त्यात मला दुःख नाही, त्याची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे. पण त्याला विचारलं, मराठी कार्टून बघतोस का? त्यानं मला अशा नजरेनं पाहिलं, जसं मी त्याला अभ्यासाचं काढायला सांगितलं. मराठी म्हणजे शाळा, हिंदी म्हणजे मज्जा. ही वाटणी बालचित्रवाणी बंद झाल्यानं झाली नाही, आधीच झालेली होती. तिथल्या माणसांना ती मोडायला पुरेसं बळ कधी मिळालं नाही एवढंच.

रात्री १२. शून्य.

लाईन होती. टीव्ही चालू होता. कुठेही काही काळं झालं नाही.

त्यानंतर.

२४ नोव्हेंबर २०१७. बीबीसीनं शाडा पूर्ण केली. अडतीस वर्षांपूर्वी टाळं लागल्यामुळे जे प्रसंग राहिले होते, ते चित्रांत काढले आणि त्यांना जुन्याच नटांचे आवाज दिले. शेवटच्या एका प्रसंगासाठी त्र्याऐंशी वर्षांच्या टॉम बेकरला तसाच लांब मफलर घालून खऱ्या सेटवर उभं केलं. मावसभावानं रात्री मेसेज पाठवला: "झाली बरं का पुरी!" ज्या वर्षी पुण्यातली संस्था बंद झाली, त्याच वर्षी तिकडे संपानं अडवलेलं काम तडीस गेलं. मी अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

२० जुलै २०२०. करोनानं शाळा बंद. गावात मोबाइल आहेत पण जंगलाकडच्या टोल्यांवर रेंज नाही, आणि असली तरी घरात एक फोन, तो बाप कामावर घेऊन जाणार. ऑनलाइन वर्ग आमच्याकडे कागदावर शंभर टक्के चालू होते. अशात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी रोजच्या मालिका. केली एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशननं. चांगली केली; पोरं उठून कृती करत होती, नुसती बघत नव्हती. टीव्हीवरून मराठीत शिकवायची गरज संपल्यासारखा गाशा गुंडाळला होता, ती तीन वर्षांत दारात परत.

तो आठवडा मी फोनवर काढला. पालकांचा एकच प्रश्न: "गुरुजी, सह्याद्री कितव्या नंबरवर लागते?" कुणाकडे फ्री डिश, कुणाकडे केबल, कुणाकडे रिचार्ज संपलेली कंपनीची छत्री, आणि प्रत्येकीवर नंबर वेगळा. चाळीस घरांत विचारून मी वहीत यादी केली. ज्या गावात एकेकाळी मोठे गुरुजी आपली पाळी चुकू नये म्हणून आधीच टीव्ही लावत, तिथे रिमोट हातात घेऊन बसलेल्या बापाला मी फोनवरून सांगत होतो: अजून पुढे, अजून पुढे, बातम्या गेल्या की थांब.